राखेचे वय आणि माणसाचे वय

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना येथील नदीगाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख आढळली आणि त्या राखेच्या सान्निध्यात अश्यूलियन परंपरेची दगडी हत्यारे, म्हणजे हातकुऱ्हाडी आणि त्यांच्या जोडीची अवजारे, मिळाली. दख्खनचे ज्वालामुखी शांत होऊन साडेसहा कोटींच्या आसपास वर्षे झाली आहेत; तेव्हा ही राख दुरून आली असली पाहिजे, हे स्पष्टच होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या कालमापनाने राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले. १९९५ साली शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने, म्हणजे साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या रीतीने, ते ६ लाख ७० हजारांवर आणले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने राखेच्या रासायनिक घडणीवरून असे मांडले की, ही इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची राख आहे. चौदा लाख, पावणेसात लाख आणि पाऊण लाख! एकाच काठावरच्या एकाच राखेला एवढी तीन वेगवेगळी वये मिळाली, आणि तेव्हापासून आजपर्यंत बोरीचा विषय निघाला की चर्चा या तीन आकड्यांपैकी एक निवडण्यापाशी येऊन थांबते.

ही चर्चा चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका बाजूला महाराष्ट्रातला माणूस शक्य तितका जुना ठरावा म्हणून चौदा लाखांचा आकडा जिवाच्या आकांताने धरून ठेवणारे आहेत. दुसऱ्या बाजूला, राख ७५ हजार वर्षांची ठरली म्हणजे बोरीचे महत्त्व संपले असे समजून हे स्थळच मोडीत काढणारे आहेत. दोघांचे एका गोष्टीवर न बोलता एकमत आहे: राखेचे जे वय, तेच हत्यारांचे वय. हे गृहीतच तपासले गेलेले नाही. राखेचे वय हा भूरसायनशास्त्राचा प्रश्न आहे. हत्यारे त्या राखेशी कोणत्या नात्याने पडली आहेत, हा थरांचा प्रश्न आहे. आणि ती हत्यारे घडवणारा माणूस तेथे राहत होता की केवळ येऊन गेला, हा तिसराच प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की उरलेल्या दोहोंचे आपोआप मिळते, असे मानल्यामुळे गेली तीन दशके आपण एकाच जागी घुटमळत आहोत. राखेबद्दल विचाराल तर आजच्या पुराव्यावरून मी ७५ हजारांच्या बाजूने आहे. पण त्यातून बोरीची हत्यारे ७५ हजार वर्षांची ठरतात, हे मला मुळीच मान्य नाही.

‘अश्यूलियन’ हा शब्द आपण बोरीच्या हत्यारांना लावतो, तो कुठून आला हे या संदर्भात आठवण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात बूशे द पेर्थ हे सीमाशुल्क खात्यातले अधिकारी अबेव्हिलजवळच्या खडीच्या खाणींतून नामशेष प्राण्यांच्या हाडांसोबत घडीव दगड गोळा करत होते. १८४०च्या दशकाअखेरीस त्यांनी आपले म्हणणे ग्रंथरूपाने मांडले, आणि विद्वानांनी त्यांना जवळजवळ वेड्यात काढले. १८५९ साली जोसेफ प्रेस्टविच आणि जॉन इव्हान्स हे दोन इंग्रज अभ्यासक तेथे गेले. ॲमियॉंच्या उपनगरातल्या सेंट अशूल येथील खाणीत त्यांनी एक हातकुऱ्हाड मूळ जागी, वरचे थर अभंग असताना, खडीत रुतलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि तिचे छायाचित्र काढून घेतले. त्या दिवसानंतर मानवाचे प्राचीनत्व हा वादाचा विषय राहिला नाही. त्यांच्यापाशी किती लाख वर्षे हा आकडा होता का? नव्हता. किरणोत्सर्गाचा शोधच लागायला पस्तीसेक वर्षे अवकाश होता. त्यांच्यापाशी होते ते एवढेच की, हत्यार आणि थर यांचे नाते निःसंशय होते. सेंट अशूलवरून ज्या परंपरेला नाव मिळाले, तिच्या अभ्यासाची पहिलीच पायरी आकड्याविना चढली गेली. नाते आधी ठरले, संख्या पुढे शंभर वर्षांनी आली. बोरीत आपण हा क्रम उलटा केला.

आता आकड्यांकडे पाहू, कारण ते टाळून पुढे जाता येणार नाही. पोटॅशियम-४० या किरणोत्सारी मूलद्रव्याचे अर्धायुष्य सुमारे सव्वाशे कोटी वर्षे आहे. त्याच्या विघटनाचा साधारण दहावा भाग आर्गॉन वायू निर्माण करतो. ज्वालामुखीच्या तप्त रसातून जुना आर्गॉन निघून जातो, रस थिजला की नवा साठू लागतो. म्हणून साठलेल्या आर्गॉनवरून थिजल्याचा काळ काढता येतो. तत्त्व निर्दोष आहे. मात्र ७५ हजार वर्षांच्या काळात पोटॅशियम-४०च्या दर दहा लाख अणूंमागे सुमारे चाळीसच अणू मोडतात आणि त्यांतून आर्गॉनचे जेमतेम चार-पाच अणू हाती लागतात. इतक्या सूक्ष्म राशीत बाहेरचे काही मिसळले तर काय होईल? बोरीच्या परिसरातला खडक आहे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट, ज्याच्या पोटात तितक्या वर्षांचा आर्गॉन साठलेला आहे. दोन्हींत पोटॅशियम सारखेच आहे असे क्षणभर धरले, तर राखेच्या नमुन्यात बेसॉल्टची एक टक्का भेसळसुद्धा वयात साडेसहा लाख वर्षांची भर घालील. प्रत्यक्षात बेसॉल्टमधले पोटॅशियम टोबाच्या राखेच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहून कमी असते, म्हणून तेवढ्याच परिणामाला दहा टक्के किंवा जास्त भेसळ लागेल. बोरीत नेमके हेच घडले असा माझा दावा नाही. नदीने वाहून आणलेल्या, गाळात मिसळलेल्या राखेच्या बाबतीत भेसळीची शंका किती गंभीरपणे घ्यावी लागते, एवढेच या गणितावरून कळावे.

ही शंका केवळ कागदावरची नाही. पूर्व आफ्रिकेत केनियातील तुर्काना सरोवराच्या काठी कूबी फोरा येथे राखेचा एक थर आहे, ज्याला अभ्यासक केबीएस थर म्हणतात. फिच आणि मिलर या शास्त्रज्ञांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने त्याचे वय २६ लाख वर्षे काढले होते. रिचर्ड लीकी यांच्या चमूला १९७२ साली त्या थराच्या खाली एक कवटी मिळाली, जी संग्रहालयाच्या १४७० या नोंदणी क्रमांकाने ओळखली जाते. राख २६ लाखांची म्हणून कवटी २९ लाखांची असे जाहीर झाले, आणि मानवाच्या वंशवृक्षाची मांडणीच बदलावी लागणार असे वाटू लागले. या आकड्याला आव्हान दिले ते डुकरांच्या दातांनी. इथिओपियाच्या ओमो खोऱ्यात प्राचीन डुकरांच्या जातींचा क्रम चांगला माहीत होता, आणि बेसिल कुक यांच्या लक्षात आले की, कूबी फोराच्या त्या थराखालची डुकरे ओमोतल्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या डुकरांशी जुळतात. प्रयोगशाळेच्या आकड्यापुढे डुकराच्या दाढेचे काय चालणार, असा बराच काळ सूर होता. पुढे बर्कलेच्या प्रयोगशाळेने १९७५ मध्ये त्या राखेचे वय बरेच कमी असल्याचे दाखवले आणि १९८०च्या सुमारास ते १९ लाखांच्या आतबाहेर स्थिरावले. जुन्या आकड्यामागचे कारण होते राखेत मिसळलेले अधिक जुने खनिजकण. जगातल्या उत्तम प्रयोगशाळांतून आलेला, दशांशचिन्हानंतर दोन आकडे असलेला निष्कर्ष दहा वर्षे टिकला आणि डुकरांच्या साक्षीपुढे नमला. पद्धत खोटी नव्हती, नमुना शुद्ध नव्हता. आज त्याच थराचे वय सर्वमान्य आहे, कारण भिन्न मार्गांनी काढलेली उत्तरे एकत्र आली.

तरीही बोरीची राख जुनी मानणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत, आणि त्यांची बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडल्याशिवाय तिला उत्तर देण्याचा अधिकार मिळत नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा की, १९९५ चे आर्गॉन-आर्गॉन मापन हे जुन्या पद्धतीपेक्षा बरेच काटेकोर होते. या पद्धतीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याला वय काढतात, त्यामुळे ढोबळ भेसळ बहुधा उघडी पडते. दुसरा मुद्दा टोबाच्या कुळाचा. टोबा एकदाच फुटलेला नाही. सुमारे आठ लाख आणि पाच लाख वर्षांपूर्वीही त्याचे मोठे स्फोट झाले आहेत. एकाच भट्टीतून निघालेल्या विटा एकमेकींसारख्या दिसणारच; मग रासायनिक साम्यावरून शेवटचाच स्फोट कसा ठरवता? याच धाग्याने २०११ साली बोरी आणि मोरगावची राख टोबाच्या सर्वांत जुन्या, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाची असल्याचे सविस्तर प्रतिपादन झाले. तिसरा मुद्दा चुंबकीय नोंदीचा. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी आजच्या दिशेला आले. त्याआधीच्या दीर्घ काळात ते उलटे होते. गाळ साचताना त्यातले कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेची खूण धरून ठेवतात. मयूरेश्वराचे मोरगाव ज्या कऱ्हेच्या काठी आहे, तेथील राख आणि हत्यारे असलेल्या गाळाच्या अभ्यासात उलट्या दिशेच्या चुंबकत्वाची नोंद मांडली गेली आहे. आणि चौथा मुद्दा, जो मला सर्वांत वजनदार वाटतो, तो हत्यारांचाच आहे. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे टोबाच्या राखेखाली आणि राखेवर मिळालेली हत्यारे मध्य पुराश्मयुगाची, म्हणजे अश्यूलियननंतरच्या टप्प्याची आहेत, हातकुऱ्हाडींची नाहीत. तमिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथे तर मध्य पुराश्मयुगीन तंत्र ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीच सुरू झाल्याचे २०१८ मध्ये दाखवले गेले. मग पाऊण लाख वर्षांपूर्वी कुकडीकाठी माणूस हातकुऱ्हाडी घडवत बसला होता, हे कसे पटावे?

राखेपुरते बोलायचे तर कुळसाम्याच्या मुद्द्याला २०१४ मध्ये बरेच थेट उत्तर मिळाले. राखेचा गठ्ठा एकत्र कुटून सरासरी काढण्याऐवजी भारतातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या राखेतील काचेचा एकेक कण वेगळा तपासण्यात आला आणि त्यातील बेरियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम यांसारख्या अल्पांश मूलद्रव्यांची प्रमाणे मोजण्यात आली. टोबाच्या शेवटच्या स्फोटाच्या काचकणांत या प्रमाणांनुसार वेगवेगळे गट दिसतात, तसे जुन्या स्फोटांत दिसत नाहीत. आणि भारतात नोंदलेली सर्व टोबा-राख या शेवटच्या स्फोटाच्या घडणीशी जुळली. कणाकणाने केलेल्या तपासणीत भेसळीचा प्रश्नही उरत नाही, कारण बेसॉल्टचा कण बेसॉल्ट म्हणूनच ओळखला जातो. आर्गॉनच्या टप्प्यांविषयी असे की, अतिसूक्ष्म काचकण हजारो वर्षे पाण्यात राहिले की त्यांतले पोटॅशियम स्थिर राहत नाही आणि आर्गॉनही धड टिकत नाही. अशा द्रव्यावर काटेकोर पद्धत वापरली तरी द्रव्याची उणीव तशीच राहते. म्हणून मी राखेच्या प्रश्नात रसायनाची साक्ष वरचढ मानतो. येथे एका गोष्टीचा आदराने उल्लेख केला पाहिजे. १९८९च्या चौदा लाखांच्या निबंधाच्या लेखकांत रवी कोरीसेट्टर यांचे नाव होते, आणि टोबाच्या तरुण राखेचा रासायनिक पुरावा मांडणाऱ्या १९९५च्या निबंधाच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे. पुरावा वळला तिकडे अभ्यासक वळला. आकड्याला निष्ठा वाहणाऱ्यांनी यातून काही घ्यावे.

मात्र उरलेल्या दोन मुद्द्यांना, चुंबकत्व आणि हत्यारे यांना, राखेचे रसायन स्पर्शही करत नाही. चुंबकीय नोंद गाळाची आहे. गाळ पावणेआठ लाख वर्षांहून जुना असेल, तर तो गाळ जुना आहे एवढेच सिद्ध होते. नदी जुना गाळ कापते, त्यात घळ पाडते, आणि पुढच्या एखाद्या काळात वाऱ्याने आलेली राख पुराच्या पाण्याबरोबर त्या घळीत साठते. वरवर पाहणाऱ्याला राख जुन्या गाळाच्या मधोमध, त्याच्याच वयाची दिसते. दोन थर एकावर एक आहेत म्हणजे ते लागोपाठ साचले असे नव्हे; मधल्या सीमारेषेत कित्येक लाख वर्षे हरवलेली असू शकतात. ही शक्यता एकदा ध्यानात घेतली की वादाचे रूपच पालटते: राख पाऊण लाख वर्षांची आणि तिच्या शेजारचा, हत्यारे असलेला गाळ पावणेआठ लाखांहून जुना, हे एकाच काठावर एकाच वेळी खरे असू शकते. ज्यांना आपण तीन दशके परस्परांचे विरोधक समजत आलो, ते कदाचित दोन वेगळ्या वस्तूंची वये सांगत आहेत. या शक्यतेचा निकाल प्रयोगशाळेत लागणार नाही. त्यासाठी काठावर उभा छेद घेऊन राख आणि गाळ यांच्या सीमेचा इंच न् इंच पाहावा लागेल.

आणि हे सगळे घडवणारी नदी कोणती, याचाही विचार करावा. हीच कुकडी पुढे निघोजला बेसॉल्टमध्ये रांजणखळगे कोरते. कातळात माणूस उभा मावेल अशी विवरे पाडणाऱ्या पाण्याला वीतभर लांबीची हातकुऱ्हाड उचलून पुढच्या वळणावरच्या खडीत रोवणे जड आहे काय? राखेच्या खाली, अभंग थरात हत्यार असेल तर राख त्याच्या वयाची किमान मर्यादा सांगते: हत्यार ७५ हजारांहून जुने. किती जुने, ते राख सांगू शकत नाही. दोन लाख असेल, दहा लाख असेल. राखेच्या वर किंवा राखेत मिसळलेल्या खडीत हत्यार असेल तर ते तेथे राखेनंतर येऊन पडले, एवढेच कळते. घडले कधी, हे कळत नाही. कोणी म्हणेल की, हत्यारांच्या कडा तीक्ष्ण आहेत, म्हणजे ती फार वाहत आलेली नाहीत. हे निरीक्षण मोलाचे आहे, पण काठावरचा जुना थर ढासळून दहा पावलांवरच्या नव्या खडीत पडलेल्या हत्याराची कडाही तीक्ष्णच राहील. म्हणून ७५ हजार हा आकडा बोरीच्या हत्यारांना छत घालत नाही, फार तर पायाखाली जमीन देतो. आणि ‘हातकुऱ्हाडी आहेत म्हणजे राख जुनीच’ हे विधान तर वर्तुळात फिरते: हत्यारे जुनी म्हणून राख जुनी, राख जुनी म्हणून हत्यारे जुनी. शिवाय मध्य भारतात सोन नदीच्या खोऱ्यात हातकुऱ्हाडींची परंपरा सव्वा लाख वर्षांच्या जवळपासपर्यंत टिकल्याचे पुरावे आहेत. अत्तिरमपाक्कमला जे तंत्र पावणेचार लाखांपूर्वीच मागे पडू लागले, ते सोनच्या काठी कितीतरी नंतरपर्यंत चालू होते. आजही एकाच तालुक्यात यंत्राने मळणी होते आणि बैलाने नांगरटही होते. लाखो वर्षांच्या काळात, एवढ्या मोठ्या भूभागात सगळ्यांनी एकाच दिवशी हातकुऱ्हाड खाली ठेवली असेल असे आपण का धरून चालतो?

अत्तिरमपाक्कमचे उदाहरण मी केवळ तुलनेसाठी घेत नाही. तेथे जे झाले ते बोरीत का झाले नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. १८६३ साली भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना चेन्नईजवळच्या पल्लावरमला हातकुऱ्हाड मिळाली आणि त्याच वर्षी अत्तिरमपाक्कम उजेडात आले. शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ पासून तेथे पुन्हा पद्धतशीर उत्खनन सुरू केले आणि २०११ साली तेथील अश्यूलियन हत्यारे सरासरी १५ लाख वर्षांची, निदान १० लाखांहून जुनी, असल्याचे प्रसिद्ध केले. हा आकडा बोरीच्या पहिल्या आकड्याहून मोठा असूनही त्यावर तेवढे वादळ उठले नाही, याचे कारण तेथे खुद्द हत्यारांचेच कालमापन झाले. क्वार्ट्झाइटची हत्यारे जमिनीवर असताना वैश्विक किरणांमुळे त्यांच्यात ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० ही किरणोत्सारी द्रव्ये तयार होतात. हत्यार खोल गाडले गेले की ते तयार होणे थांबते आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगाने घटू लागतात. त्यांच्या गुणोत्तरावरून हत्यार किती काळ गाडलेले आहे ते कळते. मध्ये राख नाही, गृहीत नाते नाही. जोडीला चुंबकीय नोंदही जुळली. कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे के. पद्दय्या यांच्या उत्खननात हत्यारांबरोबरच्याच प्राण्यांच्या दातांवरून सुमारे १२ लाख वर्षांचा अंदाज निघाला. तो दातांनी युरेनियम कसकसे शोषले या गृहीतावर अवलंबून आहे, पण तेथेही दात आणि हत्यारे एकाच अभंग थरातली आहेत. आपल्या दख्खनी पठाराची खरी अडचण अशी की, हे मापन ज्या क्वार्ट्झवर चालते, तो बेसॉल्टमध्ये जवळजवळ नसतो. कुकडीची हत्यारे बेसॉल्टची आहेत, त्यांना हा उपाय लागू पडत नाही. पण बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक असतात, नदीच्या खडीत तेही येतात, आणि फेल्डस्पार खनिजावर चालणाऱ्या प्रदीप्ती पद्धती, म्हणजे खनिजकण शेवटचा उजेडात कधी होता हे सांगणाऱ्या पद्धती, गेल्या काही वर्षांत बऱ्याच सुधारल्या आहेत. वाट अवघड आहे, बंद नाही.

वयाच्या भांडणात अर्थाचा प्रश्न तर पार मागे पडला आहे. बोरीला सर्रास ‘आदिमानवाची वस्ती’ म्हटले जाते. वस्ती म्हणजे काय, हे कुकडी ज्या घोडनदीला मिळते तिच्याच काठी इनामगावला पाहायला मिळते: साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली घरे, चुली, धान्याच्या कणग्या, घरातच पुरलेले मृतांचे कुंभ. तेथे माणसे राहिली, हे कुणीही सांगेल. पुराश्मयुगात घरे सापडणार नाहीत हे खरे, पण इसामपूरसारख्या ठिकाणी चुनखडीच्या कातळावर बसून माणसांनी हत्यारे घडवली, त्यांचे छिलके, म्हणजे घडवताना उडालेले दगडाचे तुकडे, जागच्या जागी पडून राहिले, आणि कोणी कुठे बसले होते याचासुद्धा अंदाज करता येतो. ज्या प्रवरेच्या काठी, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी १९५०च्या दशकात थरांच्या क्रमावरून अश्मयुगाच्या दोन अवस्था वेगळ्या करून दाखवल्या, आणि पुढे गुद्रुन कोर्विनस यांनी जवळच चिरकी येथे तपशीलवार उत्खनन केले. या कामाच्या जोरावर नेवासे कोणत्याही लाखाच्या आकड्याशिवाय भारतीय प्रागितिहासात ठामपणे उभे आहे. नदीच्या खडीत विखुरलेली हत्यारे वस्ती नसतात. तो माणसाच्या वावराचा, पाण्याने हलवलेला पुरावा असतो. असे म्हणण्यात बोरीचा कमीपणा नाही. तेथे छिलके आणि हत्यारे एकमेकांना जुळतात का, आकाराने लहान तुकडे वाहून गेले आहेत की शिल्लक आहेत, कच्चा दगड जवळचा की लांबचा, हे पाहिले तरच माणूस तेथे थांबला होता की नाही ते उमगेल. हे काम आकड्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.

मला कल्पना आहे की, चौदा लाखांचा आकडा सोडून देणे अनेकांना हानीसारखे वाटते. आपल्या गावाला, आपल्या नदीला जगाच्या इतिहासात जागा मिळावी ही इच्छा मी तुच्छ मानत नाही. याच इच्छेपोटी गावकरी शेतात मिळालेला दगड जपून ठेवतात आणि अभ्यासकांना दाखवतात. पण अपुऱ्या पुराव्यावर उभारलेल्या अभिमानाची किंमत स्थळालाच चुकवावी लागते. खंबातच्या आखातातला प्रकार आठवावा. समुद्रतळाच्या ध्वनिचित्रांवरून तेथे बुडालेले नगर असल्याचे जानेवारी २००२ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर केले, आणि वयाचा आधार होता तळातून खरवडून काढलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचे साडेनऊ हजार वर्षांचे कार्बनमापन. लाकडाचे वय बरोबरच असेल. पण ते लाकूड आणि ते कथित नगर यांचे नाते काय? खरवडून काढलेल्या तुकड्याला थर नसतो. घोषणेचा गाजावाजा झाला, जगभरच्या पुरातत्त्वज्ञांनी पाठ फिरवली, आणि त्या आखाताच्या तळाचा शांतपणे करण्याजोगा अभ्यासही संशयाच्या छायेत गेला. बोरीचे तसे होऊ नये. येथे तर पुरावा खराखुरा आहे: राख खरी आहे, हत्यारे खरी आहेत, डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी केलेले कष्ट खरे आहेत.

म्हणून बोरीविषयी लिहिताना, पाठ्यपुस्तकात असो की गावच्या फलकावर, चौदा लाखांचा आकडा आता थांबवावा आणि त्या जागी पाऊण लाखही लिहू नये. राख टोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची दिसते, हत्यारांचे वय अद्याप ठरलेले नाही, असे दोन वेगळ्या वाक्यांत लिहावे. आणि काठ वाचवावा. धरणांचे पाणी आणि ऊस आल्यापासून नदीकाठच्या घळी यंत्राने सपाट करून शेतीखाली आणण्याचा वेग वाढला आहे. ज्या उभ्या छेदांत राखेची करडी-पांढरी रेषा दिसते, ते छेद सपाटीकरणाच्या एका उन्हाळ्यात नाहीसे होऊ शकतात. राखेची रेषा जेथे अजून अभंग आहे अशा दोन-तीन जागा मालकांना योग्य मोबदला देऊन राखून ठेवाव्यात. तेथे राख आणि तिच्या खालचा, वरचा गाळ यांच्या सीमेवर नवे चर घ्यावेत, प्रत्येक हत्याराची खोली आणि कल नोंदवावा, राखेखालच्या आणि वरच्या गाळाचे नमुने नाव न सांगता एकाहून अधिक प्रयोगशाळांना पाठवावेत, आणि चुंबकीय नमुने राखेच्या दोन्ही अंगांनी हाताच्या अंतरावर घ्यावेत. राखेच्या खालून, सीमेला धक्का न लागलेल्या थरातून, जागेवरचे एक हत्यार बाहेर येताना सर्व पक्षांच्या अभ्यासकांनी एकत्र उभे राहून पाहावे, जसे १८५९ मध्ये सेंट अशूलच्या खाणीत पाहिले गेले.